अर्धा गडू गंगा

"नाई चालत याले पानी, आईसाहेब. थेंबभर बी नाई. मालकाची सक्त ताकीद हाये."

"पानी कोन टाकून राह्यलं बे? गंगा हाये ते."

"गंगा हाये, पन वलीच हाये ना."

"जीभ लय चालते तुयी, उकंडा. पोळ्याच्या दिशी बैलाले पुरनपोळी चारते का नाई लोक? मंग याले काऊन उपाशी ठेवून राह्यला? आज खंडेनवमी. अख्ख्या गावानं आपापलं हत्यार पुजलं. कुनब्यानं वखर पुजला, न्हाव्यानं वस्तरा पुजला. अन् माया लेकाचं एवढं मोठं जहाज, त्याच्या तोंडात तीर्थ नाई?"

"हार घातला ना माय. नारळ फोडला. चाकाईले हळद-कुकू लावलं. पोटात कायले..."

"पोटातच जाते तीर्थ. उघड झाकन."

उकंडा शिडीवर उभा होता आणि खाली अन्नपूर्णाबाई देशमुख. हातात काशीहून आणलेला तांब्याचा गडू, तोंडाशी लाखेचं बूच. काशीहून त्यांनी असे दोन गडू आणले होते. एक मरणाऱ्याच्या तोंडात घालायचा म्हणून देवघरात जपून ठेवलेला. दुसरा आज जहाजासाठी काढला होता.

जहाज म्हणजे हवाई जहाज. दोन माणसं बसतील एवढंच. दोन पंख खाली, दोन वर, आणि वरच्या पंखांच्या मधोमध पेट्रोलची टाकी. सन सदतीस साल. वऱ्हाड कागदावर निजामाचं, कारभार इंग्रजाचा आणि हुकूम नागपुराहून यायचे. देऊळघाटाकडच्या माळावर मात्र हुकूम चालायचा तो हिंमतराव देशमुखाचा. अन्नपूर्णाबाईंचा हा एकुलता एक लेक मुंबईला वकील व्हायला गेला आणि उडायला शिकून आला. येताना जहाजच घेऊन आला. माळावरची बाभळी-बोराटी तोडली, दगड वेचले, टिनाचं छप्पर उभं केलं. त्या छपरात जहाज, आणि जहाजाच्या राखणीला उकंडा.

उकंडा हे नाव आईनं हौसेनं ठेवलं नव्हतं. आधीची तीन लेकरं पाचवी पुजायच्या आत गेली. हा चौथा. सुईणीनं याला सुपात घातलं आणि घरामागच्या उकंड्यावर, शेणाच्या ढिगावर, ठेवून दिलं. गल्लीतल्या एका बुढीनं उचललं आणि पायलीभर कोंड्याच्या बदल्यात आईला परत विकलं. फेकून दिलेलं पोर यमालाही नको असतं, अशी आपल्याकडची समजूत. यम फसला. पोर जगलं. नाव चिकटलं.

पस्तिशीपर्यंत त्याला गावात कोणी पूर्ण नावानं हाक मारली नाही. 'उकंड्या' एवढंच. वावर नव्हतं. देशमुखाच्या ज्वारीत गोफण घेऊन बसायचा, हरणं हाकलायचा, डुकरं हाकलायचा. बायको तानुबाई देशमुखाच्याच वावरात निंदायला, वेचायला. लग्नाला बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही. तानुबाई तोंडाची फटकळ. म्हणायची, "तुया मायनं तुले उकंड्यावरून उचललं कायले? तठीच राहू देती तं मी सुटली असती." आणि म्हणता म्हणता भाकरीवर तेल जास्तच सोडायची.

जहाज आलं आणि देशमुखाचे दिवाणजी वामनराव यांनी उकंडाला माळावर नेमलं. कारण काय, तर एकटं राहायची सवय असलेला दुसरा माणूस नव्हता. पण उकंडाचं डोकं गावाला वाटलं त्याहून चांगलं निघालं. पेट्रोलचे डबे मलकापूरच्या स्टेशनावर उतरायचे, बैलगाडीत बसून राजूरचा घाट चढून यायचे. पोचेपर्यंत डब्यात कधी घाम सुटलेला, कधी पावसाचं पाणी झिरपलेलं. हिंमतरावानं एकदा त्याच्यासमोर काचेच्या शिशीत अर्धं पेट्रोल, अर्धं पाणी घालून हलवलं आणि शिशी उन्हात धरली.

"पाह्य. पानी कुठं बसलं?"

"बुडाशी."

"जहाज काहानं पडते, ठाऊक हाये? वाऱ्यानं नाही. घारीनं नाही. या बुडाच्या पान्यानं. टाकीतनं इंजिनात पेट्रोलच्या आधी हे जाते. इंजिन याले गिळत नाही. गळ्यात घास अडकला का मानूस कसा गप होते, तसं गप होते. मी वर असलो अन् हे गप झालं, तं मी मेलो समज."

उकंडानं शिशी हातात घेऊन दोनदा हलवून पाहिली. तिथून पुढं त्याला काही सांगावं लागलं नाही. नरसाळ्यावर मऊ पिवळं कातडं ताणायचा आणि त्यातून पेट्रोल गाळायचा. त्या कातड्यातून पेट्रोल जातं, पाणी वरच राहतं. आणि उडायच्या आधी एक काम नेमानं: इंजिनाखालची तोटी सोडून काचेच्या पेल्यात धार घ्यायची, पेला उन्हाला धरायचा, बुडाशी पाण्याचा मणी दिसला तर धार चालू ठेवायची. नुसतं पेट्रोल येईपर्यंत. मग मालकाला सांगायचं, "झाली." या एका शब्दावर हिंमतराव वर जायचा.

डब्याच्या तळाचा गाळ आणि कातडं पिळून निघेल ते, फेकून दे म्हणून हिंमतरावानं सांगितलं होतं. उकंडानं फेकलं नाही. वऱ्हाडातला माणूस घामाचं काही फेकत नाही आणि फुकटचं तर मुळीच नाही. ते पेट्रोल बैलांच्या गोचिडीवर रामबाण निघालं. मग ज्यांच्या तोंडी 'उकंड्या' होतं ते शिशी हातात घेऊन माळावर येऊ लागले. "उकंडराव, हायेत का घरी?" घर कुठलं, टिनाचं छप्पर. पहिली शिशी नेली वामनरावांनी. त्यांच्या खिलारी जोडीला गोचिडी फार.

तानुबाई नाक धरायची. "अंगाले वास येते तुया. माया सवतीचा वास बी इतका नसता आला."

"सवत उडते काय वं? हे उडते."

"उडून जाऊ दे एकदाची."

देशमुखाची कपाशी माळाच्या टोकालाच लागून होती. जहाज तिच्यावरून, अगदी डोक्यावरून, वर चढायचं. पहिल्या दिवशी बाया ओरडत पळाल्या होत्या. उकंडानं त्यांना बांधावर बसवून समजावलं, "आवाज आला का काम टाका अन् बांधावर या. नाई आवाज आला तं वेचत राहा. जहाज चोरपावलानं येत नसते." बायांनी ते ध्यानात ठेवलं. सगळ्यांत जास्त तानुबाईनं.

असा हा उकंडा खंडेनवमीच्या दुपारी शिडीवर उभा होता, टाकीच्या झाकणावर हात ठेवून. शिशी त्याच्या डोळ्यांपुढं होती. आणि पुढ्यात होत्या अन्नपूर्णाबाई, ज्यांच्या घरच्या ज्वारीवर त्याच्या बापाची हाडं वाढली आणि त्याचीही.

त्यानं झाकण उघडलं.

अन्नपूर्णाबाईंनी लाख फोडली, गडू वर दिला. "घाल. अर्धा घाल, अर्धा पंखावर शिंपड." डोळे मिटून पुटपुटल्या. उकंडानं अर्धा गडू टाकीत ओतला. आत गेल्याचा आवाजसुद्धा नीट आला नाही.

"हिंमतले नको सांगू. तो साहेब झाला, हसन मले."

"नाई सांगत."

त्यात त्याला लबाडी वाटली नाही. त्याचा हिशोब सरळ होता. सकाळी तोटी सोडायची, पाणी निघून जाईल. आईसाहेबांचं पुण्य आईसाहेबांपाशी, मालकाचं जहाज मालकापाशी. रात्री जेवला आणि ढाराढूर झोपला.

दसऱ्याला हिंमतराव शेगावला जाणार होता. महाराजांच्या देवळावर वरून झेंडूची फुलं टाकायची, तासाभरात परत यायचं, संध्याकाळी गावाबरोबर सीमा ओलांडायची. मुहूर्त वामनरावांनी काढून आणलेला. त्याच मुहूर्तावर कपाशीचा पहिला वेचा घ्यायचा ठरला होता. नवा कापूस देशमुखाच्या देवापुढं ठेवायची त्या घरची चाल. पाच बाया कपाशीत उतरल्या होत्या. त्यात तानुबाई. सणाच्या दिवशी कामाला पाठवलं म्हणून सकाळपासून तिचं तोंड सुरू होतं.

उकंडानं इंजिनाखाली बसून तोटी सोडली. पेला भरत आला. उन्हाला धरला तर बुडाशी दोन बोटं पाणी. आणखी सोडावं म्हणून पेला रिकामा करायला वळला, तो मागं अन्नपूर्णाबाई. बैलगाडीतून ओवाळायला आलेल्या. रोज यायच्या नाहीत, आज सण म्हणून आल्या. हातात आरतीचं ताट.

"काय काढून राह्यला?"

"बुडचं... बुडचं हाये काई."

"कालचं तीर्थ?"

उकंडानं पेला पाठीमागं नेला.

"गंगा मातीत सांडतं? तुया पायाखाली?"

"आईसाहेब, हे नाई निघालं तं इंजिन..."

"आवाज खाली. माया लेकाच्या पाठीशी देव उभा केला म्या, अन् तू त्याले तोटीतून काढून फेकतं? दसऱ्याच्या दिशी? बंद कर ते. हात झडतीन तुये."

खरं सांगायचं तर उकंडाला हात झडायची भीती वाटली नाही. भीती वाटली ती अन्नपूर्णाबाईंच्या ओठांची. ते ओठ असे मिटले की पुढच्या सालापासून त्या माणसाला देशमुखाच्या वावरात काम नसायचं. हे गावात लहान पोरालाही माहीत होतं. त्यानं तोटी बंद केली. पेल्यातलं पाणी काय करावं सुचेना, तर ते पेट्रोलसकट तुळशीला घालावं तसं बाजूच्या रुईच्या झाडाला घातलं.

तेवढ्यात हिंमतराव कातड्याची टोपी बांधत आला. लांबूनच ओरडला, "उकंडा, तोटी झाली का?"

आईसाहेब पाहत होत्या.

"झाली, मालक."

एरवी हिंमतराव इंजिन सुरू करून चिलीम ओढून होईस्तोवर जमिनीवरच तापवायचा. त्या दिवशी वामनराव घड्याळ काढून उभे. मुहूर्त टळत होता. फुलांची टोपली पुढच्या जागेवर ठेवली, अन्नपूर्णाबाईंनी ओवाळलं, उकंडानं पुढचा पंखा हातानं फिरवला. इंजिन धडाडलं. जहाज माळावरून धावलं, शेपटी उचलली, चाकं जमिनीपासून सुटली.

कपाशीतल्या पाची बाया आवाज ऐकून बांधावर गेल्या. जहाज डोक्यावरून गेलं, बाभळीच्या वर चढलं. तानुबाई म्हणाली, "गेलं बाई एकदाचं, माय सवत," आणि बाया पुन्हा आपापल्या पातीत शिरल्या. पात म्हणजे एकीनं वेचायच्या दोन ओळी. वाकल्या, वेचू लागल्या.

शेताच्या पलीकडं इंजिन खोकलं. एकदा. मग दुसऱ्यांदा. मग गप झालं.

उकंडा माळावर उभा होता. त्याला ती शिशी दिसली, की नाही दिसली, देवाला ठाऊक. हिंमतरावानं जहाज माळाकडं वळवलं. उंची पुरेशी नव्हती. शिकवणाऱ्यानं त्याला मुंबईला दहादा सांगितलं असेल की अशा वेळी वळू नये, पुढं दिसेल तिथं उतरावं. पण पुढं नाला होता, आणि मागं स्वतःचा माळ दिसत होता. माणूस घराकडंच वळतो. वळताना जहाजाचा जीव गेला. दगडासारखं खाली येऊ लागलं, आणि येताना आवाज नाही. सुपात ज्वारी पाखडावी तेवढी सळसळ.

चार बायांवर सावली पडली म्हणून त्यांनी मान वर केली. त्या पळाल्या. तानुबाईची पात बांधालगतची, तिच्यावर सावली पडली नाही. ती खाली वाकून वेचत होती, पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. आवाज आला नव्हता. नाही आला तर वेचत राहा, असं तिला तिच्या नवऱ्यानंच सांगितलं होतं.

ती सरळ व्हायला आणि खालच्या पंखाची कड यायला एकच वेळ झाली. कड मानेवर बसली. जहाज तसंच पुढं तीस हात गेलं आणि नाक जमिनीत खुपसून उभं राहिलं. फुलांची टोपली उडून कपाशीत पडली.

उकंडा धावला. आधी कुठं धावला, तर जहाजाकडं. हिंमतराव पट्ट्यात लटकत होता. हात मोडला होता, तोंडावर रक्त. उकंडानं पट्टे सोडले, मालकाला खांद्यावर घेतलं, बांधावर आणून निजवलं, त्याचे बूट काढले. हिंमतरावानं डोळे उघडले.

"तोटी सोडली होती ना बे?"

"सोडली व्हती, मालक."

मागून एका बाईनं हाक मारली, "उकंडा, आधी इकडं पाह्य गा."

तोवर त्याला कळलंच नव्हतं.

हिंमतरावाला मोटारीत घालून बुलढाण्याला नेलं. फौजदार दुपारी आला, चहा प्याला, अपघात लिहून गेला. मोटारीच्या ड्रायव्हरनं मात्र परत आल्यावर जहाजाखाली शिरून तोटी सोडली होती, आणि त्यानं पेला सगळ्यांसमोर उन्हात धरला. बुडाशी पाणी. जहाजात पाणी कसं आलं हे दुसरं कोणी विचारायच्या आत वामनरावांनीच विचारलं, आणि उत्तरही त्यांनीच दिलं.

"गवळी काय करते? दूध इकते अन् मापाले पानी घालते. यानं तेच केलं. पिट्रोल बाहेर काढलं अन् वरून पानी भरलं."

प्रेत दारात. दारासमोर गाव. आणि गावाला घाई. गावात मढं असलं की चूल पेटत नाही. घरोघर पुरण शिजवून ठेवलेलं, आंबायला लागलेलं. आपट्याच्या फांद्या देवळापाशी आणून टाकलेल्या. मढं उचलल्याशिवाय सोनं लुटता येत नाही. तानुबाईसाठी रडायला आलेल्या बायांचं अर्धं ध्यान घरच्या पुरणात होतं. हे मी वाईट म्हणून सांगत नाही. असतंच.

तानुबाईचा भाऊ तुळशीराम सागवनाहून आला. दणकट माणूस, बोलणं कमी. बहिणीचं तोंड पाहिलं, मान पाहिली, पदर नीट केला आणि उठून उभा राहिला. तोवर त्याच्या कानावर सगळं घालून झालं होतं.

"भाऊजी, हे लोक काय म्हनून राह्यले?"

"खोटं हाये, तुळशीराम."

"पिट्रोल वाटत व्हते का नाई तुमी?"

"वाटत व्हतो. गाळ व्हता तो, फेकायचा. मालकालेच ठाऊक हाये." उकंडानं वामनरावांकडं पाहिलं. "दिवाणजी, तुमच्याच बैलाईले आधी देल्लं म्या. सांगा ना."

वामनराव हसले. "म्हंजे बाहेर देत व्हता, हे कबूल झालं. घेनारा मी. देनारा कोन? लोकहो, ऐकलं ना?"

ज्यांनी ज्यांनी शिशा नेल्या होत्या त्यांनी मान हलवली. ऐकलं म्हणून.

"पानी आईसाहेबाईनं टाकायले लावलं," उकंडा म्हणाला. "तीर्थ म्हनून. काल. चाला, इचारू."

तुळशीराम म्हणाला, "चाला. त्या हो म्हनल्या तं तुमी माया बहिनीचे मालक. आग तुमी देजा. नाई म्हनल्या, तं चोराच्या हातानं मी तिले जाळू देत नाई."

उकंडाला पोर नाही, भाऊ नाही. बारा वर्षांच्या संसारातलं त्याच्या हाताला उरलेलं एवढं एकच काम होतं.

अन्नपूर्णाबाई ओसरीवर बसल्या होत्या. लेक बुलढाण्याला, हात कापावा लागतो की काय याची धाकधूक. डोळे सुजलेले. उकंडा पायरीखाली उभा राहिला.

"आईसाहेब, एक शबूद बोला. काल ते गंगा तुमी टाकायले लावली ना?"

त्यांनी उकंडाकडं पाहिलं, मग त्याच्यामागच्या गावाकडं. आपण हो म्हटलं तर आपणच आपल्या लेकाला खाली पाडलं, हे त्यांना त्या घटकेला पहिल्यांदा दिसलं असावं. ते पाहायचं नाही असं त्यांनी ठरवलं, तेही त्याच घटकेला. ओठ मिटले.

"म्या?" त्या म्हणाल्या. "यंत्रात पानी घालायले मले काय येड लागलं?" आणि आत वळून मोलकरणीला म्हणाल्या, "देवघरातला गडू आन वं."

गडू आला. लाख जशीच्या तशी. त्यांनी तो सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"काशीची गंगा. फोडली हाये का? पाह्य रे, डोळे असतीन तं."

"दोन व्हते, आईसाहेब," उकंडा म्हणाला. "दुसरा कुठी हाये?"

"जहाज खाल्लं, माया लेकाचा हात खाल्ला, बायको खाल्ली. आता गडू बी मागते हा."

कोणीतरी मागून म्हणालं, "चाला, दिवस कलला."

गल्लीत येऊन तुळशीराम थांबला. त्यानं उकंडाच्या खांद्यावर हात ठेवला. जड हात, पण मारायचा नव्हता. हळूच बोलला, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये असं.

"भाऊजी, मले देशमुखीन बी समजते अन् दिवाणजी बी समजते. मी काई दूध पीत नाई. गडूचं जाऊ द्या. एकच इचारतो. ते तोटी का काय असते, सकाळी सोडा लागते, पानी असलं तं त्यातून निंघते. सोडली व्हती ना पुरी? एवढं हो म्हना. मी लोकाईले पाहून घेतो. आग तुमीच द्या."

दोनदा तो होकार उकंडाच्या तोंडून सहज निघाला होता. मालकाला उभ्या उभ्या, आणि मालकाला आडव्या आडव्या. तिसऱ्यांदा काढायला काहीच लागत नव्हतं. सगळं त्याच्या बाजूला आलं होतं. साळा स्वतः म्हणत होता, हो म्हण.

"नाई," उकंडा म्हणाला. "पेलाभर सोडली. पानी दिसलं. बुढीनं दटावलं अन् म्या बंद केली. मालकानं इचारलं, तं झाली म्हनलं."

"पानी दिसलं?"

"हाव."

"दिसलं, अन् झाली म्हनलं?"

"हाव."

तुळशीरामनं हात काढून घेतला. अंगावरून पाल गेल्यासारखा. "चोर असते तं बरं व्हतं, भाऊजी," तो म्हणाला. "चोर पोटासाठी करते."

मागच्या लोकांना पूर्ण काही ऐकू गेलं नाही, पण तुळशीरामचं तोंड दिसलं. त्यांना तेवढं पुरलं. कोणी म्हणालं, "कबूल झाला." कोणी म्हणालं, "झालं ना मंग, उचला." तिरडी झटक्यात बांधून झाली. इतक्या झपाट्यानं आमच्या गावात दुसरी तिरडी बांधलेली मी ऐकली नाही. मडकं तुळशीरामनं धरलं, आगही त्यानंच दिली. उकंडाला नाल्याच्या अलीकडच्या काठावर थांबवलं होतं. तिथून धूर दिसत होता. लोक अंघोळी करून घाईघाईनं परतले, आणि दिवस बुडायच्या आत ढोल वाजला. देशमुखाच्या घरचं पहिलं सोनं वामनरावांनी वाटलं.

उकंडा काठावर होता तिथंच बसून राहिला. तुळशीराम सागवनाच्या वाटेला लागला तेव्हा त्याच्या जवळून गेला, थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वामनराव त्याच्या दाराशी आले. दिवा विझलेला, अंगण सारवलेलं नाही. उकंडा भिंतीला टेकून बसलेला.

"जहाज गेलं," वामनराव म्हणाले. "माळावर आता राखायचं काई नाई. आईसाहेब म्हनत व्हत्या, हाकलून दे. म्या म्हनलं, राहू द्या, गरीब हाये. माये उपकार मान. कपाशीत जाय. काल अर्धा वेचा राह्यला, अन् बाई एक कमी पडली."

"वेचनं बायाईचं काम हाये, दिवाणजी."

"मंग? जहाज काय मर्दाचं काम व्हतं? केलं का नीट?"

उकंडा उठला. चार बाया आधीच वावरात होत्या. त्याला पाहून एकीनं पदर तोंडाशी नेला. दुसरी म्हणाली, "आला माय उकंडराव. लुगडं बी नेसून ये म्हना." तिसरीनं तिला कोपरानं ढोसलं, पण हसू तिलाही आलंच. कपाशीच्या मधोमध जहाज तसंच उभं होतं, नाक जमिनीत. भोवतालची झाडं मोडलेली, आणि मोडलेल्या झाडांवर पेट्रोलचा वास. तिथला कापूस वेचू नका, देवापुढं चालायचा नाही, असं वामनरावांनी बजावलं होतं.

"माही पात कोनती?" उकंडानं विचारलं.

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. मग सगळ्यात म्हातारीनं बोट दाखवलं, बांधालगतची.

त्यानं धोतराचा सोगा कमरेला खोचून पुढं ओटी केली आणि वाकला. बोंड कसं धरायचं ते त्याला जमेना. पहिल्या बोंडाचं टोक नखात गेलं. त्यानं बोट चोखलं, दुसरं धरलं.

"पाला नको येऊ देऊ बे कापसात," बांधावरून वामनराव ओरडले.

"नाई येऊ देत," उकंडा म्हणाला, आणि वेचू लागला.